तारेचा विमा नाही, म्हणून भरपाई नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांच्या मामांच्या शेतावरून अकरा केव्हीची, म्हणजे अकरा हजार व्होल्टची, लाईन जाते. फेब्रुवारीतल्या एका दुपारी वाऱ्याने तार तुटून बांधावर पडली. तिथे बांधलेली म्हैस जागीच दगावली आणि दोन एकर आडसाली ऊस जळाला. वीज कंपनीच्या शाखा कार्यालयातल्या साहेबांनी सांगितलं, "लाईनचा विमा नसतो, त्यामुळे काही मिळेल असं वाटत नाही. अर्ज देऊन ठेवा." विचारणाऱ्यांचं म्हणणं असं, की गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा असतो, मग वीज नियामक आयोगाने कंपनीला तो सक्तीचा का केला नाही? आणि आयोगाकडेच तक्रार केली तर पैसे मिळतील का?

मी वीज वितरणाच्या हिशेब खात्यात आणि नंतर दरनिश्चितीच्या कामात वीसेक वर्षं काढली. त्या अनुभवावरून सांगतो. तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकात गुंतल्या आहेत. जबाबदारी कोणाची, ही एक. ती निभावायला पैसा कुठून येतो, ही दुसरी. विम्याचा संबंध फक्त दुसरीशी आहे. साहेबांनी दुसरीचं उत्तर देऊन पहिलीवर पडदा टाकला. मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही. शाखा पातळीवर बऱ्याच जणांना खरोखरच तसं वाटतं.

पहिलीचं उत्तर तसं सरळ आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये मध्य प्रदेश वीज मंडळ विरुद्ध शैलकुमारी या खटल्यात ते दिलेलं आहे. पावसात रस्त्यावर जिवंत तार पडली होती आणि कारखान्यातून सायकलवर घरी निघालेला कामगार तिच्यामुळे गेला. मंडळाचा बचाव असा होता, की कुणीतरी त्या तारेवरून चोरून वीज घेत होतं, त्यात आमची काय चूक? न्यायालयाने तो मानला नाही. इतकी धोक्याची वस्तू जो बाळगतो आणि तिच्यावर व्यवसाय करतो, त्याने ती सुटून झालेलं नुकसान सोसायचं; निष्काळजीपणा होता की नाही हा प्रश्न तिथे उरत नाही. तो खटला माणसाच्या मृत्यूचा होता आणि तुमचा जनावराचा व पिकाचा आहे, एवढा फरक लक्षात ठेवा. पण तत्त्व मांडताना आधार तोच घ्यायचा. कंपनीकडे पॉलिसी आहे का, हे त्या निकालात कुठेच आड आलेलं नाही. एसटीचं उदाहरण घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ मध्ये राज्य परिवहन उपक्रमांना विम्यातून सूट देता येते, मात्र भरपाईसाठी वेगळा निधी ठेवण्याच्या अटीवर. म्हणून एसटीच्या अपघातात कुणी "पॉलिसी नाही, घरी जा" असं सांगत नाही.

आता सक्ती का नाही ते बघू. वीज कायदा, २००३ मध्ये वितरण कंपनीने तिऱ्हाइताच्या नुकसानीसाठी विमा काढलाच पाहिजे, असं सांगणारं कलम नाही. कायद्याने वेगळी रचना केली आहे. कलम ५३ खाली सुरक्षेचे नियम, कलम १६२ खाली विद्युत निरीक्षक (वीज सुरक्षा तपासणारा सरकारी अधिकारी) आणि कलम १६१ खाली अपघाताची खबर व चौकशी. सक्तीच्या विम्याचा दुसरा कायदा आहे तो १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा. भोपाळनंतर आलेला हा कायदा घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी आहे. वीज त्यात बसत नाही. आणि गंमत म्हणजे त्याही कायद्याच्या कलम ४ मध्ये सरकारी मालकीच्या महामंडळांना, निधी उभा केला तर, सूट देण्याची सोय आहे. म्हणजे सरकारी संस्थेला विम्याऐवजी निधी चालतो, हा विचार आपल्याकडे जुनाच आहे.

विमा कंपन्यांनाही तारा नको असतात, हे बाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. जगभरच्या पुनर्विमा करारांत (विमा कंपन्या आपली जोखीम दुसऱ्या कंपनीकडे उतरवतात त्या करारांत) एक वगळणीचं कलम सर्रास असतं: विमा उतरवलेल्या आवारापासून हजार फुटांपलीकडच्या वाहिन्या धरायच्या नाहीत. कारण साधं आहे. वीज केंद्र एका जागी असतं, त्याची पाहणी करता येते, आग लागली तर एकच दावा येतो. खांब आणि तारा मात्र जिल्हाभर पसरलेल्या असतात, आणि एका वादळात एकदम सगळीकडे पडतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा कोकणात खांबांचं काय झालं ते ज्यांनी पाहिलं, त्यांना हे वेगळं समजवायला नको.

एक प्रसंग सांगतो. एका कंपनीच्या दरवाढीच्या याचिकेचं काम करताना प्रशासकीय खर्चाच्या तक्त्यात "विमा" अशी ओळ होती आणि तीन वर्षं जवळजवळ तोच गोल आकडा. मी पॉलिसीच्या प्रती मागवल्या. आठ दिवसांनी एक पिवळी पडलेली फाईल आली. त्यात उपकेंद्रांच्या इमारती होत्या, संगणक होते, भांडारातला माल होता, वाहनं होती. लाईन कुठेच नाही. भांडारात ठेवलेलं रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) विम्यात होतं, तेच गाडीतून उतरून खांबावर चढलं की विम्याबाहेर. मी हिशेबनीसांना विचारलं, तर ते म्हणाले, "साहेब, खांबावरचं मोजायला कोण जाणार?" उत्तर चूक होतं असं मला आजही म्हणता येत नाही.

आणि समजा उद्या आयोगाने सक्ती केली, तरी तुमच्या मामांना त्याचा फायदा झाला असता का? मला शंका आहे. एवढ्या मोठ्या संस्थेची दायित्व पॉलिसी निघते ती "एवढ्या लाखांपर्यंतचं नुकसान तुम्ही सोसा, त्यावरचं आम्ही" अशा बोलीवर. एक म्हैस आणि दोन एकर ऊस त्या रेषेच्या खालीच राहतो. विमा क्वचित घडणाऱ्या, पण कंबर मोडणाऱ्या घटनेसाठी असतो. दर उन्हाळ्यात घडणाऱ्या लहान घटनांसाठी काढला, तर हप्ता नुकसानीपेक्षा जास्त होतो, कारण विमा कंपनीचा खर्च आणि नफा त्यात आला. गॅस सिलिंडरचं उदाहरण लोक देतात, आणि ते खरं आहे: तेल कंपन्या ग्राहकांसाठी विमा काढतात, ग्राहकाला वेगळा हप्ता पडत नाही. पण सिलिंडरचे स्फोट मोजके असतात. तारेच्या ठिणग्यांचं तसं नाही.

मग नियामक करतो तरी काय? तो विम्याचा हुकूम काढत नाही. कोणता खर्च वीजदरात घालू द्यायचा आणि कोणता नाही, हे ठरवतो. त्याच्या हातातली खरी काठी ही. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग १९९९ मध्ये स्थापन झाला. त्याच्या बहुवर्षीय दर विनियमांत, म्हणजे काही वर्षांचे दर कसे ठरवायचे याच्या नियमांत, आपल्या कामाच्या तीन गोष्टी आहेत, आणि त्या एकमेकींशेजारी ठेवून वाचल्याशिवाय चित्र लागत नाही.

विम्याचा हप्ता प्रशासकीय खर्चात, म्हणजे देखभाल-दुरुस्तीच्या एकूण खर्चात धरला जातो. पण हा खर्च आयोग मागच्या वर्षांची सरासरी आणि महागाई यांवरून ठोकळ्याने ठरवतो. उद्या एखाद्या अधिकाऱ्याने हौसेने मोठी पॉलिसी घेतली, तर ठोकळा त्यासाठी आपोआप वाढत नाही. वाढीव हप्ता का लागला हे पटवून द्यावं लागतं. त्यामुळे नवा विमा काढण्याची इच्छा तिथेच निम्मी मरते.

दुसरी गोष्ट तुमच्या दृष्टीने महत्त्वाची. न्यायालय, आयोग, तक्रार निवारण मंच किंवा विद्युत लोकपाल यांच्या आदेशाने कंपनीला जी नुकसानभरपाई किंवा दंड भरावा लागतो, तो ग्राहकांच्या दरातून वसूल करता येत नाही. कंपनीने त्याचा हिशेब वेगळा ठेवून याचिकेसोबत द्यायचा असतो. म्हणजे हप्ता दरात चालतो, भरपाई चालत नाही. कागदावर बघितलं तर ही विमा काढायला लावणारी युक्ती आहे: हप्ता भरा, तो ग्राहक देतील, नाही भरलात तर नुकसान मालकाच्या खिशातून. खासगी कंपनीत ही युक्ती लागू पडते, कारण तिथे भागधारक विचारतो. सरकारी कंपनीत मालक सरकार. नफ्यातून गेले काय आणि कुठून गेले काय, शाखा अभियंत्याच्या पगारावर त्याचा ओरखडाही उठत नाही. नियमाची धार इथे बोथट होते, असं माझं मत आहे.

तिसरी गोष्ट आकस्मिकता निधी. कंपनीने दरवर्षी मालमत्तेच्या मूळ किमतीच्या किमान ०.२५ टक्के आणि जास्तीत जास्त ०.५ टक्के रक्कम या निधीत टाकायची, एकूण जमा ५ टक्क्यांपर्यंत, आणि ती सुरक्षित रोख्यांत गुंतवायची. समजा मालमत्ता १,००० कोटींची आहे. तर वर्षाला अडीच ते पाच कोटी, आणि मर्यादा ५० कोटी. किमान दराने गेलं तर भरायला वीस वर्षं. हा पैसा दरातूनच, म्हणजे तुमच्या-माझ्या बिलातून येतो. तो आयोगाच्या मंजुरीशिवाय काढता येत नाही, आणि काढायची कारणंही ठरलेली आहेत: व्यवस्थापनाला टाळता न येणारे अपघात वा संप, नेहमीच्या देखभालीत न बसणारी बदलाबदल, आणि कायद्याने द्यावी लागणारी पण दुसरी तरतूद नसलेली भरपाई. थोडक्यात, विम्याच्या जागी ठेवलेली ही घरची बचत आहे. पॉवरग्रिडसारखी मोठी पारेषण (लांब पल्ल्यावर वीज वाहून नेणारी) कंपनीही "स्व-विमा निधी" या नावाने अशीच वेगळी तरतूद करते.

विम्याचं ओझं नियामकाने कुणाच्या डोक्यावर टाकायचं, हा वाद आपल्यापुरता नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात २००७ च्या वणव्यांनंतर सॅन दिएगोच्या वीज कंपनीने विम्याबाहेर राहिलेले ३७.९ कोटी डॉलर ग्राहकांच्या दरातून मागितले. तिथल्या राज्य आयोगाने २०१७ मध्ये नकार दिला, कारण लाईनची निगा शहाणपणाने राखली नव्हती असं त्याचं मत झालं. पुढच्याच वर्षी पॅराडाइज गावाचा वणवा झाला, ८५ माणसं गेली आणि दुसरी मोठी कंपनी, पीजी अँड ई, २०१९ च्या जानेवारीत दिवाळखोरीत गेली. त्यानंतर राज्याने कायदा करून कंपन्या आणि ग्राहक या दोघांच्या पैशांतून वणवा निधी उभारला. फिरून फिरून गाडी निधीवरच आली. आणि आधी विचारला गेलेला प्रश्न विम्याचा नव्हता, निगेचा होता.

तोच प्रश्न तुमच्याकडेही आहे. एका शेतात मी स्वतः पंचनाम्याला उभा होतो. तुटलेल्या तारेचं टोक हातात घेतलं, तर ते तुटलेलं नव्हतंच, सुटलेलं होतं. आधी कधीतरी तुटलेल्या तारेचे दोन पदर नुसते पिळून जोडलेले, स्लीव्ह (जोडावर दाबून बसवायची धातूची नळी) नाही, आणि पिळाच्या आत काळा थर. उन्हाळ्यात भार वाढला की असा जोड तापतो, सैल होतो, वाऱ्याने हलला की ठिणग्या टाकतो आणि एक दिवस सुटतो. तारेच्या त्या सहा इंच तुकड्यात सगळं प्रकरण होतं. वायरमनने संध्याकाळी नवी तार ओढली आणि जुनी गुंडाळून नेली. तो तुकडा नंतर कुणाला दिसला नाही.

म्हणून आता काय करायचं ते. आयोगाकडे पैशासाठी जाऊ नका. ग्राहक तक्रार निवारण मंचाकडेही नको; कलम १६१ खालचे अपघात मंचाच्या अधिकारातून वगळले आहेत, तिथे दोन महिने घालवून "अधिकार नाही" असा कागद हाती येईल. तुमचा पहिला अर्ज विद्युत निरीक्षकाकडे. इथे एक बारकावा आहे. कलम १६१ माणूस किंवा जनावर दगावलं अथवा जखमी झालं तर लागू होतं. नुसता ऊस जळाला असता, तर कंपनीवर खबर देण्याचं बंधन या कलमाने आलं नसतं. वाईट वाटतं लिहायला, पण म्हशीमुळे तुमचं प्रकरण त्यात बसतं. जीवघेण्या अपघाताची प्राथमिक खबर कळल्यापासून २४ तासांत आणि लेखी अहवाल ४८ तासांत निरीक्षकाकडे जायला हवा. गेला आहे का ते विचारा. गेला नसेल तर तुमच्या अर्जात तेही लिहा. निरीक्षकाच्या अहवालात दोष कुणाचा, हे आलं की पुढचं निम्मं काम झालं.

सरकारी कंपनी असेल तर माहिती अधिकारात दोन कागद मागा. एक, त्या दिवशीचं उपकेंद्राचं लॉगशीट, म्हणजे नोंदवही: फीडर (तुमच्याकडे येणारी मुख्य लाईन) किती वाजता ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, झाला का, आणि पुन्हा किती वेळा चालू केला. कोरड्या जमिनीवर पडलेल्या तारेतून प्रवाह कमी जातो आणि कधीकधी रिलेला, म्हणजे बिघाड ओळखून लाईन बंद करणाऱ्या उपकरणाला, ते कळतच नाही. तार जिवंतच राहते. तसं घडलं असेल तर ते लॉगशीटमध्ये दिसेल. दुसरा, त्या लाईनच्या देखभालीची मागच्या दोन वर्षांची नोंद. झोल पडल्याची किंवा जोडाची तक्रार मामांनी आधी दिली असेल, तर तिची पोच शोधा. ती सोन्याच्या मोलाची आहे.

नुकसानीचे पुरावे वेगळे. म्हशीचं शवविच्छेदन पशुधन विकास अधिकाऱ्यांनी केलं असेल, तर त्याची प्रत घ्या आणि कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक लिहून ठेवा, म्हणजे म्हैस कुणाची हा वाद उरत नाही. उसाचा हिशेब लोक चुकीचा मांडतात. "दोन एकर जळाला, इतके टन गुणिले दर" असं लिहिलं की कंपनीचा वकील लगेच विचारतो, जळालेला ऊस कारखान्याने नेला ना? नेलेला असतो. म्हणून कारखान्याकडची उसाची नोंद, जळीत म्हणून दरात झालेली कपात, वजनात आलेली घट, खोडव्याचं नुकसान आणि जळालेले ठिबकचे पाईप असं एकेक मांडा. आकडा लहान होतो, पण टिकतो.

एवढं जमल्यावर आधी विभागीय कार्यालयात भरपाईची लेखी मागणी करा. परिपत्रकाप्रमाणे मिळणारी सानुग्रह रक्कम देऊ करतील. ती घ्यायची असेल तर "पूर्ण व अंतिम" या शब्दांखाली सही करू नका, "हक्क राखून" असं लिहा. तेवढ्यावर भागलं नाही, तर मामांच्या नावावर वीजजोडणी आहे का, यावर पुढचा रस्ता ठरतो. असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे, मुदत दोन वर्षं. ही सेवेतली त्रुटी नव्हेच, असा आक्षेप तिथे येणार हे धरून चाला. जोडणी नसेल तर दिवाणी दावा. थेट उच्च न्यायालयात रिट करण्याचा सल्ला कुणी देईल. तार का तुटली यावर वाद असेल तर रिटमध्ये साक्षीपुरावा होत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातल्या अशाच वीज अपघातांच्या प्रकरणांत ते स्पष्ट केलेलं आहे.

ज्यांच्या घरात माणूस गेला आहे असे कुणी हे वाचत असतील, तर त्यांच्यासाठी वेगळं सांगतो. १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली दावा करायला मृत्यूच्या तारखेपासून दोनच वर्षं मिळतात. "फाईल वर गेली आहे" हे ऐकत ती संपलेली मी पाहिली आहेत. आणि मृत व्यक्ती ठेकेदाराचा कामगार असेल तर मात्र विम्याचा प्रश्न जरूर विचारा, कारण तिथे तो खरोखर असतो. निविदेत ठेकेदाराने कामगारांचा विमा काढण्याची अट असते. शासकीय कामांत तो राज्याच्या विमा संचालनालयाकडून काढलेला असतो. ठेकेदार हात वर करत असेल तरी मूळ मालकाकडे, म्हणजे कंपनीकडे, मागता येतं; नोव्हेंबर २०२५ पर्यंत ही तरतूद १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या कलम १२ मध्ये होती, आता तो कायदा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला आहे.

आयोगाकडे जायचंच असेल तर दुसऱ्या कामासाठी जा. दरवाढीची याचिका आली की जाहीर सूचना निघते, लेखी हरकती मागवतात, जनसुनावणी होते. तिथे कुणीही बोलू शकतं, वकील लागत नाही. बहुतेक जण दर किती वाढला यावर बोलतात. तुम्ही विचारा: मागच्या तीन वर्षांत अपघातांपोटी किती भरपाई दिली, तिचा वेगळा तक्ता कुठे आहे, आकस्मिकता निधीत किती जमा आहे, आणि विम्याच्या ओळीत नेमकं काय उतरवलं आहे? मी टेबलाच्या त्या बाजूला असताना असा प्रश्न एकदाच आला होता. बार्शीकडच्या एका निवृत्त शिक्षकांनी विचारला होता, आणि उत्तर जुळवायला आम्हाला तीन दिवस लागले होते.

तूर्त आज संध्याकाळी एक काम करा. तार जिथे पडली होती तिथे जा, खांबांचे क्रमांक आणि वर नवीन ओढलेली तार यांचे फोटो काढा, आणि जुन्या तारेचा तुकडा कुठे बांधावर राहिला आहे का बघा. सापडला तर हात लावण्याआधी दोन शेजाऱ्यांना बोलवा.